ल्युपस आहे, तरी ब्रेस्ट इम्प्लांटचा विचार करतेय

उन्हाळी_सावली | ११ फेब्रुवारी, रात्री ११:५०

तीन वर्षं इथं फक्त वाचत आलेय, आज पहिल्यांदा लिहितेय. घरात हा विषय काढता येत नाही, म्हणून इथं मांडते.

वय ३३, सोलापुरात राहते, शाळेत शिकवते. मुलगी सहा वर्षांची. ती चार महिन्यांची असताना माझे सांधे धरायला लागले. गालांवर लाल चट्टे आले, केस ओंजळीनं गळायचे. वर्षभर सगळे म्हणत होते, बाळंतपणानंतर होतं असं. शेवटी पुण्यात निदान झालं: एसएलई, म्हणजे ल्युपस. ऑटोइम्यून आजार, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. तोवर वजन ५८ वरून ४३ वर आलं होतं. आता ४६ आहे आणि तिथंच अडलंय. रोज एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन) २००, प्रतिकारशक्ती दाबणारी अ‍ॅझाथायोप्रिन ५०, आणि स्टेरॉइड म्हणून प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम. शेवटचा मोठा फ्लेअर, म्हणजे आजाराची उसळी, येऊन १४ महिने झाले.

या सगळ्यात छाती पार ओसरली. नुसती उतरली नाही, जवळजवळ नाहीशीच झाली. यंदा गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, अक्षता सोहळ्यासाठी लग्नातली इरकल काढली आणि ब्लाउज घेऊन शिंपीणताईकडे गेले. बिचारीनं साधेपणानं विचारलं, "पुढून सगळंच आत घेऊ, की कप घालून देऊ?" काहीतरी उत्तर दिलं. परत येताना सात रस्त्याच्या सिग्नलला गाडीवर बसून रडले. ती साडी नेसलेच नाही.

मागच्या महिन्यात एकटीनं पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये जाऊन आले. सर्जन दहा मिनिटं भेटले, बाकी सगळं समुपदेशक बाईंनीच सांगितलं. सिलिकॉनचे इम्प्लांट, स्नायूखाली, दीड तासाचं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी. १ लाख ७० हजार. मेच्या सुट्टीत करून टाका म्हणाल्या. फॉर्मवर 'इतर आजार' अशी एकच ओळ होती, त्यात ल्युपस लिहिलं. ते वाचून बाई म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधी आठवडाभर सगळ्या गोळ्या बंद ठेवा, काही होत नाही." तिथं मला खटकलं.

माझ्यासारखा आजार असताना कुणी हे केलंय का? करू नकोस म्हणायचं असेल तर तेही सांगा, फक्त का ते सांगा.

रानजाई | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

सावली, मलाही ल्युपस आहे, २०११ पासून. मी लातूरची. सगळ्यात आधी एक: तुझ्या रुमॅटॉलॉजिस्टनी (संधिवाताच्या डॉक्टरांनी) सांगितल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून गोळ्या बंद करू नकोस, आणि स्टेरॉइड तर नाहीच नाही. मी एकदा लग्नाच्या गडबडीत चार दिवस गोळी विसरले, पाचव्या दिवशी मला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. बाकीचं रात्री सविस्तर लिहिते.

आक्का_६२ | १२ फेब्रुवारी, सकाळी १०:०२

बाळा, राग मानू नको. लई वाईट वाटलं वाचून. पण हे काय करायलीस गं? एक आजार अंगावर असताना दुसरं दुखणं पैसे देऊन का आणायचं? लेकरू सहा वर्षांचं हाय. नवरा काही बोलतो का तुला? बोलत असंल तर त्याला समज दिली पाहिजे, तुला कापून घ्यायची गरज नाही. बाईची किंमत काय छातीवर असती व्हय.

उन्हाळी_सावली | १२ फेब्रुवारी, दुपारी २:३०

आक्का, राग अजिबात नाही. नवरा काहीच बोलत नाही. खरं तर तो खूप जपतो, आणि त्याचंच कधी कधी जड होतं. आजारी पडल्यापासून मी घरात जपायची वस्तू झालेय. डॉक्टर बघतात ते रिपोर्ट, सासूबाई बघतात मी किती जेवले ते, नवरा बघतो ताप आहे का ते. आरशात मला जी दिसते ती रुग्ण दिसते. पूर्वीची मी दिसावी, निदान कपड्यांत तरी, एवढंच हवंय. हे कुणासाठी नाही, माझ्यासाठीच आहे. इथं लिहिताना हे पहिल्यांदाच इतकं स्पष्ट झालं.

निशिगंध | १२ फेब्रुवारी, सायंकाळी ६:२०

मी भूलतज्ज्ञ. सोलापुरात तीस वर्षं काम करून आता निवृत्त आहे. इथं उपचार सांगत नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी तपासून सांगायचे. पण त्या आठवडाभर गोळ्या बंदच्या सल्ल्यावर गप्प बसवत नाही.

मूत्रपिंडांच्या वर अ‍ॅड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात. शरीरावर ताण आला की त्या कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, सोडतात. महिनोन्महिने बाहेरून प्रेडनिसोलोन घेतलं की त्या ग्रंथी आळसावतात, कारण त्यांचं काम गोळी करत असते. ५ मिलिग्रॅम ऐकायला कमी वाटतं, पण वर्षानुवर्षं घेतलेल्या माणसात तेवढ्यानंही हे होऊ शकतं. अशा वेळी गोळी एकदम थांबवली आणि वरून ऑपरेशनचा ताण दिला, तर रक्तदाब कोसळू शकतो. आम्ही नेमकं उलटं करतो. रोजची गोळी चालूच ठेवतो आणि गरजेनुसार ऑपरेशनच्या वेळी शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड देतो. एचसीक्यूही सहसा बंद करत नाहीत. अ‍ॅझाथायोप्रिनचं काय करायचं ते रुमॅटॉलॉजिस्टनी ठरवायचं, आजार किती शांत आहे ते पाहून.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज तपासल्यात का? ल्युपसच्या साधारण तीनातल्या एका रुग्णात त्या सापडतात. त्यांच्यामुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, पायाच्या शिरेत, फुप्फुसात. भूल आणि ऑपरेशननंतरचं पडून राहणं यात तो आणखी वाढतो. तपासण्या तीन: ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटी बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. एखादी पॉझिटिव्ह आली तर निदान १२ आठवड्यांनी पुन्हा करतात, कारण एखाद्या साध्या संसर्गानंही ती तात्पुरती पॉझिटिव्ह येते. निदानाच्या वेळच्या फाइलमध्ये बघा, तेव्हा केल्या असतील.

होटगीकर | १२ फेब्रुवारी, रात्री ९:१०

माझ्या बायकोला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, त्यामुळे डॉक्टर आणि विमा दोन्हीकडे बरेच हेलपाटे झालेत. पैशाचं सांगतो, कारण ते तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना असेल तर सहसा मिळतं. शिवाय उपचाराला जीएसटी नसला, तरी सौंदर्यशस्त्रक्रियेला १८ टक्के लागतो. म्हणजे १ लाख ७० हजारांवर ३० हजार ६००. सांगितलेल्या रकमेत तो धरलाय का, विचारा. आणि पुढं जंतुसंसर्ग झाला, ल्युपस उसळून आठ दिवस आयसीयूत राहावं लागलं, तर विमा कंपनी त्या ऑपरेशनकडे बोट दाखवून हात वर करू शकते. पॉलिसीचा कागद आधीच वाचून ठेवा. तुमची बचत किती आहे ते मला माहीत नाही, पण २ लाख खर्चून पुढचे २ लाख हाताशी नसतील तर माझ्या मते थांबा.

रानजाई | १२ फेब्रुवारी, रात्री १०:४५

सकाळी अर्धवट राहिलं होतं.

मीही हा विचार केला होता, २०१७ साली. तेव्हा वाचलं ते सांगते. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२१ मध्ये इम्प्लांटवर सगळ्यात कडक प्रकारचा इशारा सक्तीचा केला आणि ऑपरेशनआधी रुग्णासोबत वाचून सही करायची यादीही. त्यात स्पष्ट लिहिलंय की हे आयुष्यभर टिकणारं उपकरण नाही. आणि ज्यांच्यात सुरक्षितता सिद्ध झालेली नाही असे गट दिलेत: ल्युपस, स्क्लेरोडर्मा (त्वचा कडक करणारा आजार) यांसारखे ऑटोइम्यून आजार, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे, जखम भरायला किंवा रक्त गोठायला अडचण असणारे. तू आणि मी त्या यादीत दोन-तीन ठिकाणी बसतो. याचा अर्थ आपल्याला नक्की त्रास होईल असा नाही. अर्थ असा, की ज्या अभ्यासांवर हे इम्प्लांट मंजूर झाले त्यांतून आपल्यासारख्यांबद्दल उत्तर मिळत नाही. समुपदेशक बाई 'काही होत नाही' म्हणतात ते कशाच्या जोरावर?

सिलिकॉनमुळे असे आजार होतात का, हा वाद जुना आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटवर बंधनं आली, १९९९ च्या मोठ्या वैज्ञानिक अहवालात तसा ठोस पुरावा नाही असं म्हटलं, आणि २००६ मध्ये ते पुन्हा बाजारात आले. मग २०१८ मध्ये जवळपास १ लाख बायकांच्या माहितीवरून स्जोग्रेन्स (डोळे-तोंड कोरडं करणारा आजार), स्क्लेरोडर्मा यांच्याशी संबंध दिसतो असं एका अभ्यासानं मांडलं, तर त्या माहितीच्या दर्जावर एफडीएनंच शंका घेतली. पण हे सगळं निरोग्या बाईला आजार होतो का याबद्दल झालं. आधीच आजार असलेल्या बाईचं काय, यावर मला फार थोडं सापडलं.

अजून एक, क्वचित होणारं, पण तुला कळायला हवं. ल्युपस त्वचेखालच्या चरबीत शिरतो तेव्हा स्तनातही गाठी होऊ शकतात, त्याला ल्युपस मॅस्टायटिस म्हणतात. तिथं सुरी लागली की ते भडकू शकतं. तुझी छाती नुसत्या वजनामुळे गेली की तिथं कधी गाठ, खड्डा, दुखरी जागा होती? हे आधी दाखवून घे.

मी नाही केलं. माझ्या मूत्रपिंडांना तेव्हा त्रास होता, त्यामुळे प्रश्नच मिटला. मिटला तरी दुःख झालंच.

कृष्णकमळ | १३ फेब्रुवारी, दुपारी १२:०५

मी इम्प्लांट केलेत, म्हणून लिहितेय. २०१४ साली, मुंबईत, तेव्हा वय २९. आजार फक्त थायरॉइड, गोळीवर नियंत्रणात. त्यामुळे माझा अनुभव जसाच्या तसा तुला लागू नाही.

पहिले तीन दिवस छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. स्नायूखाली घातलं की जास्त दुखतं. सहा आठवडे जड उचलायचं नाही, हात डोक्यावर नेतानाही जपायचं. तुझी मुलगी सहा वर्षांची, ती 'आई, घे' म्हणणार. ते आधी ठरवून ठेव.

पाच वर्षं छान गेली. खरंच छान. मी पहिल्यांदा मनासारखे कपडे घातले आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. सहाव्या वर्षी डावी बाजू कडक व्हायला लागली. शरीर परक्या वस्तूभोवती स्वतःचं एक आवरण तयार करतंच, माझ्यात ते आवळत गेलं. आकार वर सरकला, कुशीवर झोपता येईना. २०२१ मध्ये दुसरं ऑपरेशन, आवरण काढलं, नवीन इम्प्लांट घातले. खर्च पुन्हा सगळा. मी एकटीच अशी नाही. केवळ सौंदर्यासाठी इम्प्लांट घेणाऱ्या साधारण पाचातल्या एकीला ८ ते १० वर्षांत ते काढावे लागतात. सिलिकॉन आतल्या आत फुटलं तर बाहेरून कळत नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय, मग दर दोन-तीन वर्षांनी. मॅमोग्राफीच्या वेळी आधी सांगावं लागतं, फोटो वेगळ्या पद्धतीनं काढतात. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला लिंफोमा या कॅन्सरचा एक दुर्मिळ प्रकारही आहे. २०१९ मध्ये त्यातले एका कंपनीचे इम्प्लांट जगभरातून परत घेतले गेले. माझे सुदैवानं गुळगुळीत होते. हे मला तेव्हा कळलं जेव्हा मी इम्प्लांटचं कार्ड शोधून काढलं. ते कार्ड, कंपनी, लॉट नंबर, सगळं जपून ठेवायचं असतं.

तुझ्या जागी मी असते तर? माहीत नाही. पण इम्प्लांटभोवती जंतुसंसर्ग झाला तर बहुतेक वेळा ते काढूनच टाकावं लागतं. आणि स्टेरॉइड, अ‍ॅझाथायोप्रिन दोन्ही त्या बाजूचं पारडं जड करतात.

ओसरी | १३ फेब्रुवारी, दुपारी ४:४०

स्वतःचीच चरबी काढून तिथं भरतात ना? त्यात परकी वस्तू नाही. त्याबद्दल कुणी विचारलं का?

निशिगंध | १३ फेब्रुवारी, सायंकाळी ७:५५

चांगला प्रश्न. पोट-मांडीची चरबी शोषून स्तनात भरतात. पण त्यातली बरीचशी शरीर शोषून घेतं, त्यामुळे एकाहून जास्त वेळा करावं लागू शकतं. आणि ४६ किलोच्या बाईकडे काढायला चरबी कुठून आणणार? शिवाय वर त्या ल्युपस मॅस्टायटिसबद्दल लिहिलंय, तो आजार चरबीचाच. भूल आहेच, गुठळ्यांचा प्रश्नही आहेच. परकी वस्तू नाही हे खरं, पण म्हणून सोपं नाही.

सर्जनबद्दल एक. एम.सीएच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी, ही पदवी बघा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी तपासा. नुसतं 'कॉस्मेटिक तज्ज्ञ' पुरेसं नाही. ऑपरेशन आयसीयू असलेल्या रुग्णालयातच व्हावं. सर्जननी तुमच्या रुमॅटॉलॉजिस्टना स्वतः फोन केला पाहिजे. ज्या सर्जनला तो फोन नकोसा वाटतो, त्याच्या टेबलावर मी माझ्या मुलीला झोपवणार नाही.

आक्का_६२ | १३ फेब्रुवारी, रात्री ८:३०

सावली, तुझं ते 'जपायची वस्तू' वाचलं आणि रात्रभर डोळा लागला नाही. माझी धाकटी बहीण गर्भाशय काढल्यावर दोन वर्षं आरशासमोर उभी राहिली नाही. आम्ही सगळ्या म्हणायचो, जीव वाचला ना, मग झालं की. तिला कधी विचारलंच नाही आम्ही. मी काल बोलले ते घाईनं बोलले. तुझ्या डॉक्टरनं हो म्हटलं तर कर, मी नाही म्हणणार नाही. पण एकटी पुण्याला जाऊ नको. कुणी नसलं तर मी येते हुतात्मा एक्स्प्रेसनं.

उन्हाळी_सावली | १३ फेब्रुवारी, रात्री ११:२०

आक्का... काय लिहू. थँक्यू.

सगळ्यांचं दोनदा वाचलं. फाइल काढली. निदानाच्या वेळी फक्त अँटिकार्डिओलिपिन केलेली दिसते, निगेटिव्ह. बाकी दोन केलेल्याच नाहीत. गाठ कधी नव्हती. शुक्रवारी रात्री नवऱ्याला हा धागाच वाचायला देणार आहे. तोंडानं सांगायला जमणार नाही मला.

होटगीकर | १४ फेब्रुवारी, सकाळी ८:००

वाचायला द्या. आमच्याकडे बायकोनं दोन वर्षं मला सांगितलं नव्हतं की बोटं वाकडी झाल्यामुळे ती बांगड्या घालत नाही. मला वाटायचं तिला आवडत नाहीत.

शिवणकाम_आवड | १५ फेब्रुवारी, दुपारी १:१०

मी शिवते, त्यामुळे माझ्या कामापुरतं. ब्लाउज 'आत घेणं' हा उपाय नाही, मापं बदललीत तर ब्लाउज नव्यानं कापायचा. प्रिन्सेस कट, सुती अस्तर, शिवलेला पातळ कप, पाठ थोडी वर. सोलापूरच्या उन्हात जाड फोमचा पॅड घालू नका, एप्रिल-मेमध्ये घामोळं येतं, आणि ल्युपसच्या त्वचेला ते परवडत नाही. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी हलके सुती किंवा विणलेले पॅड मिळतात, ते खिशाच्या ब्रामध्ये बसतात. कॅन्सर नसला तरी वापरता येतात, कुणी कारण विचारत नाही. ऑपरेशन कर किंवा नको करू, पुढच्या गड्ड्याला ती इरकल नेसायची आहे ना?

उन्हाळी_सावली | १ जून, रात्री १०:१५

बरेच दिवस लिहिलं नाही, माफ करा. माझ्या विपुमध्ये (विचारपुशीत) विचारत होतात, म्हणून सगळं इथंच लिहिते.

नवऱ्यानं धागा वाचला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "शिंपीणताईचं मला का नाही सांगितलंस?" त्यानंतर तोच पुण्याला बरोबर आला, सुट्टी काढून. माझ्या रुमॅटॉलॉजिस्ट मॅडमना मी नको तितकं घाबरत होते, की आजार सोडून हे काय घेऊन बसलीस म्हणतील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सगळं ऐकलं. गोळ्या बंद करायच्या सल्ल्यावर त्या खूप चिडल्या, माझ्यावर नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीला तिन्ही तपासण्या केल्या. ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट पॉझिटिव्ह. मे अखेरीला, १२ आठवडे उलटल्यावर, पुन्हा केली. परवा रिपोर्ट आला, पुन्हा पॉझिटिव्ह. गुठळी आजवर कधी झालेली नाही, म्हणून सध्या कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू केलीय. मॅडमचं म्हणणं: हे ऑपरेशन अशक्य नाही, पण आज, या औषधांवर, फक्त रूपासाठी, त्या हो म्हणणार नाहीत. स्टेरॉइड हळूहळू उतरवून बघायचं, त्यांच्या देखरेखीखाली, आणि वर्षभर आजार शांत राहिला तर त्या स्वतः एका प्लास्टिक सर्जनशी बोलतील. निशिगंध सर, ती तपासणी तुम्ही लिहिली नसतीत तर मेमध्ये मी टेबलावर असते आणि हे कुणालाच माहीत नसतं.

मला वाईट वाटलं का? हो. पुण्याहून परत येताना कुर्डुवाडीपर्यंत रडत होते. पण नाही म्हणताना कुणीतरी माझं पूर्ण ऐकून घेतलं, आजारी पडल्यापासून असं पहिल्यांदाच झालं.

शिवणकाम, तुझे मेसेज वाचून अस्तर आणलं. नव्या पेठेत विणलेला पॅड मिळाला नाही, म्हणून सासूबाईंनी स्वतः विणायला घेतलाय. त्यांना सगळं सांगितलं. एक झालाय, दुसरा थोडा मोठा होतोय, तो उसवून परत करणार म्हणतात.